रमा डोंगरेचा देव : दुष्काळ, तीन मृत्यू आणि एक सरकारी कागद

वडील गेले. दीड महिन्यात आई गेली. पुढच्या वर्षी थोरली बहीण गेली. सोळा वर्षांची मुलगी आणि तिचा भाऊ एवढेच उरले आणि दोघे पायी चालू लागले. इतकं होऊनही त्या मुलीने धर्म सोडला नाही. सुटला तो पुढे चार-पाच वर्षांनी, कलकत्त्यात, पोटाची भ्रांत मिटल्यावर, मानसन्मान मिळाल्यावर, धर्मशास्त्राच्या पोथ्या उघडून बसल्यावर.

हीच मुलगी पुढे पंडिता रमाबाई झाली. त्यांच्याबद्दल आपल्याकडे दोन ठरावीक वाक्यं ऐकू येतात. एक, दुष्काळाने पोळल्यामुळे त्यांचा धर्मावरचा विश्वास उडाला. दुसरं, मिशनऱ्यांनी त्यांना बाटवलं. दोन्ही वाक्यं त्या मुलीवर अन्याय करतात, कारण दोन्हींत तिचं स्वतःचं डोकं कुठेच नाही. मला या प्रकरणात रस आहे तो तिच्या विचाराच्या क्रमात. आधी काय सुटलं, मग काय सुटलं, आणि काय शेवटपर्यंत सुटलंच नाही.

पोथीवर जगणारं कुटुंब

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मंगळूरकडचे चित्पावन. तरुणपणी ते शिकायला पुण्याला आले. त्यांचे गुरू साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात जाऊन पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवत. एका बाईच्या तोंडून शुद्ध संस्कृत ऐकून हा विद्यार्थी थक्क झाला आणि आपल्या बायकोलाही शिकवायचं असं त्याने मनाशी ठरवलं. १८१८ साली पेशवाई बुडाली. शास्त्री-पंडितांना पोसणारं मोठं घर संपलं. अनंतशास्त्री आपल्या मुलखाकडे परतले, पुढे म्हैसूरच्या दरबारी राहिले. तिथेही १८३१ साली इंग्रजांनी कारभार हातात घेतला आणि राजा नावाला उरला.

पहिल्या बायकोने शिकायला दाद दिली नाही. ती वारल्यावर, चाळिशी उलटल्यानंतर, तीर्थयात्रेत गोदावरीच्या काठी अनंतशास्त्र्यांनी एका ब्राह्मणाच्या नऊ वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. आज हे वाचताना अंगावर काटा येतो आणि यायलाच हवा. याच लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवलं. गावकी चिडली. उडुपीला विद्वानांच्या सभेपुढे उभं राहून, बायकांना पुराणं-काव्यं शिकवण्यात शास्त्राला बाध येत नाही, हे अनंतशास्त्र्यांनी ग्रंथांचे आधार देऊन मांडलं. मग ते सह्याद्रीत गंगामूळ नावाच्या डोंगरात जाऊन राहिले. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमा जन्मली.

अतिथी, विद्यार्थी, दानधर्म यांत सगळं संपलं, तेव्हा बिऱ्हाड उठलं. रमा सहा महिन्यांची होती. वेताच्या पेटीत घालून, गड्याच्या डोक्यावरून तिला डोंगराखाली आणलं. त्यानंतर तिला घर असं कधी मिळालंच नाही. धर्मशाळा, देवळाची ओवरी, नदीचा घाट, की पुन्हा पुढची वाट.

हे कुटुंब पुराणिकाचं काम करी. देवळाच्या आवारात, नाहीतर झाडाखाली बसून पोथी मोठ्याने वाचायची. संस्कृत कळणारे ऐकणाऱ्यांत थोडेच. पण कानावर पडलं तरी पुण्य, असा लोकांचा भाव. जाताना ते पोथीपुढे फूल, फळ, मूठभर तांदूळ, पैसा ठेवत. रमा आठ वर्षांची झाल्यापासून आई तिला शिकवू लागली. दिवसभर कामाचा रगाडा, म्हणून शिकवणं पहाटे, पाखरं जागी होण्याच्या वेळी. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक तिला पाठ होते, असं तिच्या चरित्रांत सांगितलं जातं. पुढे इंग्रजीत लिहिलेलं आपलं पहिलं पुस्तक रमाबाईंनी आईलाच अर्पण केलं.

या मुलीची श्रद्धा म्हणजे काय, ते इथे नीट बघायला हवं. आपल्या घरात देवघर असतं. संध्याकाळी दिवा लागतो, आजी स्तोत्र म्हणते आणि मूल ते ऐकत मोठं होतं. त्या घरात शाळाही असते, शेजारीही असतात, बाजारही असतो. रमेला यातलं काहीच नव्हतं. इंग्रजी शाळेचा वारा मुलांना लागू नये, बाहेरच्यांशी संबंध येऊ नये, हे आई-वडिलांनी ठरवून पाळलेलं. तिचं शिक्षण, तिची भाकरी, तिचं बापाशी आणि आईशी असलेलं नातं, सगळं एका पोथीत गुंडाळलेलं होतं. असा धर्म हलला की आयुष्याचा एखादा कोपरा हलत नाही, पायाखालची जमीनच हलते.

काळ तर भराभर बदलत होता. ज्या १८५७ साली उत्तरेत उठाव झाला, त्याच साली मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथे विद्यापीठं निघाली. रमा जन्मली त्या वर्षी कंपनी सरकार जाऊन राणीचं राज्य आलं. इंग्रजी चार इयत्ता शिकलेल्या पोराला कचेरीत कारकुनी मिळू लागली आणि संस्कृत मुखोद्गत असलेल्या तरुणाला कोणी विचारेना. रमेचा भाऊ श्रीनिवास नेमका असा तरुण होता. धडधाकट, विद्वान आणि नव्या राज्यात बिनकामाचा. राजकीय उलथापालथ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तोफा येतात. या कुटुंबापर्यंत ती फार संथपणे पोचली, पोथीपुढे पडणाऱ्या तांदळाची मूठ लहान लहान होत.

रानातले अकरा दिवस

रमाबाईंच्या लेखी दुष्काळ १८७४ ते १८७७. इतिहासाच्या पुस्तकांत दक्षिणेतला मोठा दुष्काळ १८७६ ते १८७८ असा येतो, आणि त्यात पन्नास लाखांहून अधिक माणसं दगावली असा अंदाज आहे. दोन्ही खरं आहे. सरकार ज्याला दुष्काळ म्हणतं तो सुरू व्हायच्या आधी दोन वर्षं भिक्षुकाच्या घरातला दुष्काळ सुरू झालेला असतो.

गाठीचा पैसा संपत चालला. वडील म्हातारे, दृष्टी अधू. अशा वेळी या कुटुंबाने जे केलं ते त्यांच्या समजुतीप्रमाणे सगळ्यात शहाणपणाचं होतं. आधी दागिने विकले, मग चांगले कपडे, मग तांब्या-पितळेची, चांदीची भांडी. आलेला पैसा ब्राह्मणांना विचारून अनुष्ठानांत, दानांत घातला. तीर्थाला जाऊन स्नानं केली, देवळांत रात्रंदिवस प्रार्थना केली. मागणं काय होतं, तेही रमाबाईंनी लपवलेलं नाही: धन, विद्या, कीर्ती. एकवीस वर्षांच्या भावाने महिनोन्‌महिने उपास करून अंगापिंडाने भरलेलं शरीर झिजवून टाकलं.

पुण्य साठवलं की फळ मिळतं, हा सरळ हिशेब होता. तो खोटा ठरतोय असं दिसलं की माणूस हिशेब टाकून देत नाही, आणखी पुण्य भरतो. मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच. घरातली मोठी माणसं एखाद्या गोष्टीवर शेवटचं भांडंही लावत असतील, तर ती गोष्ट खोटी असेल हे मुलाच्या मनाला शिवत नाही. आपलंच काही चुकलं असेल, असं त्याला वाटतं.

दुसरीही एक भिंत होती, आणि तिच्याबद्दल रमाबाई स्वतःला किंवा घरच्यांना अजिबात सोडत नाहीत. मजुरी करावी तर जात आडवी. भीक मागावी तर अभिमान आडवा. पोटापुरतं मिळवायची दुसरी कला ठाऊक नाही.

तिरुपतीला उरलासुरला पैसा संपला. डोंगर उतरून सगळे रानात शिरले. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरांवर काढले. मग अनंतशास्त्र्यांनी ठरवलं की आता जलसमाधी घ्यायची. एकेकाला जवळ घेऊन त्यांनी निरोप घेतला. रमा धाकटी, सगळ्यांत लाडकी. तिला मिठीत घेऊन ते जे बोलले ते तिने जन्मभर जपलं. तू माझी शेंडेफळ, सगळ्यांत लाडकी. मी तुला आपल्या देवाच्या हाती सोपवलं आहे. तू त्याची आहेस, त्याचीच राहा आणि जन्मभर त्याचीच सेवा कर. असा त्या बोलण्याचा आशय.

हे शब्द मी कितीदा वाचले असतील, आणि दर वेळी एका गोष्टीपाशी थांबलो आहे. हा माणूस पुराणिक. देवांची सहस्रनामं त्याच्या जिभेवर. आणि तरी रमेच्या आठवणीतल्या या निरोपात देवाचं नाव नाही. अमुक व्रत सोडू नकोस, अमुक तीर्थाला जा, असंही नाही. इतकी वर्षं ज्या धर्माने कुटुंबाला वाट दाखवली त्याचा सगळा सरंजाम या वाक्यातून गळालेला आहे. उरलं आहे ते फक्त सोपवणं. बापाने पोरीला काही दिलं नाही, द्यायला काही नव्हतंच. त्याने पोरच देवाला देऊन टाकली.

माझ्या मते या प्रकरणाची किल्ली इथे आहे. पुढे रमेने एकेक करून सगळं सोडलं, पण हे सोपवणं सोडलं नाही.

जलसमाधी झाली नाही. आपण वाटेल ते काम करू, हमाली करू, पण हे नको, असं श्रीनिवासने म्हटलं आणि म्हातारे थांबले. सगळे रानातून बाहेर पडले. पण शरीर संपलं होतं. ज्वर येऊन काही दिवसांतच वडील गेले.

मग आई. आजारी आईला काहीतरी खावंसं वाटलं. तिने रमेला शेजारच्या ब्राह्मणाच्या घरी धाडलं. मागायला म्हणून मुलगी गेली, पण तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. घरातल्या बाईने ओळखलं आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. आईला तो गिळता आला नाही.

आई गेल्यावर तिरडी उचलायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले. तिसरा श्रीनिवास. चौथा खांदा रमेचा. स्मशान तीन मैलांवर. तिची उंची कमी, खांद्याला खांदा जुळेना, म्हणून तिने आपल्या वाटणीचा भार डोक्यावर घेतला.

या आठवणींचा भरवसा किती

इथे थांबून पुराव्याबद्दल बोललं पाहिजे. हे सगळं आपल्याला कळतं ते मुख्यतः रमाबाईंनीच पुढे सांगितल्यामुळे. दुष्काळाच्या आठवणी त्यांनी १८९७ साली लिहिल्या, मध्य प्रांतातला दुष्काळ बघून आल्यानंतर. तिथल्या अनाथ मुलींत त्यांना स्वतःची सोळाव्या वर्षातली मूर्ती दिसली. श्रद्धेच्या प्रवासाची सविस्तर हकिकत १९०७ सालची. दोन्ही वेळा त्या ख्रिस्ती होत्या. वडिलांच्या निरोपाबद्दल लिहिताना त्या म्हणतातही, की खरा देव त्यांना ठाऊक नव्हता, पण त्या अज्ञात देवाची सेवा त्यांनी मनापासून केली. ही जोड प्रौढ वयातली आहे, सोळा वर्षांच्या मुलीची नव्हे.

म्हणून मी एक नियम पाळतो. जिथे त्या अर्थ सांगतात, तिथे तो नंतरचा धरतो. जिथे भाकरीचा तुकडा, डोक्यावरचा भार, न फुटलेला शब्द येतो, तिथे विश्वास ठेवतो. असल्या गोष्टी पन्नाशीतही तशाच राहतात. धर्मांतराने त्या बदलत नाहीत.

याच नियमाने बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते. आईच्या तिरडीपाशी, वडिलांच्या मृत्यूपाशी, त्यांच्या लिखाणात देवावर राग नाही. माणसांबद्दल दुःख आहे. आपल्या अभिमानाबद्दल पश्चात्ताप आहे. दगडाच्या मूर्ती दगडच राहिल्या, हे आहे. पण देवा, तू हे का केलंस, असा सवाल मला त्यात सापडत नाही. मूल माणसं गमावतं आणि देवावर रुसतं, हा आपल्याला ओळखीचा नमुना इथे लागू पडत नाही. रुसायला समोर कुणीतरी असावं लागतं. रमेचा देव अजून कोणी व्यक्ती नव्हताच. तो पोथीतल्या नियमांचा बांधलेला डोंगर होता. डोंगरावर कोणी रुसत नाही. त्याचा एकेक दगड हलवून बघतं.

वाळूत पुरून घेतलेली रात्र

पुढच्या वर्षी बहीण कृष्णाबाई गेली आणि बहीण-भाऊ निघाले. दक्षिणेकडून उत्तरेला, पार पंजाब-काश्मीरपर्यंत, मग पूर्वेला. अनवाणी, थंडीला पुरेसे कपडे नाहीत. झेलमच्या काठी एका रात्री थंडी इतकी होती की दोघांनी वाळूत खड्डे खणले, आत उतरले आणि मान वर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. तशी रात्र काढली.

याच काळात, १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीत व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करणारा दरबार भरला. दक्षिण उपाशी होती. दुष्काळी कामावरच्या गड्याला रोजचं पौंडभर धान्य आणि आणाभर पैसे द्यावेत, असं दुष्काळाच्या पाहणीसाठी सरकारने धाडलेले सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवलं, आणि एवढ्यावर काम करणारा माणूस जगू शकत नाही म्हणून ओरड झाली. या बहीण-भावाला त्या कामावरही जाता येत नव्हतं. तेव्हाही ते परजातीच्या हातचं खात नव्हते. तीर्थं करत होते, नेम पाळत होते.

पण डोळे उघडे होते. हिमालयाच्या बाजूला एका तळ्यावर ते गेले. तळ्यात सात डोंगर तरंगतात, ते सप्तर्षींची रूपं, आणि निष्पाप माणसाने प्रार्थना केली की ते काठाकडे येतात, अशी त्याची ख्याती. दोघांनी प्रार्थना केली. डोंगर हलले नाहीत. पुजाऱ्यांनी बजावून ठेवलं होतं की पाण्यात मगरी आहेत, उतरू नका. पहाटे कोणी नसताना श्रीनिवास पाण्यात उतरला आणि पोहत गेला. तराफ्यावर माती-कचऱ्याचे ढीग, त्यांत लावलेली झाडं, असे ते डोंगर होते. मागे छोटी होडी. यात्रेकरूंनी दक्षिणा दिली की होडीतला माणूस तराफा ढकलत असे.

हा प्रसंग रमाबाई सांगतात तेव्हा तो फसवणूक उघड करण्यासाठी सांगतात. मला त्यात श्रीनिवास दिसतो. मगरींची भीती घातलेली असताना पाण्यात उडी घेणारा. नवस फळला नाही म्हणून चिडून मूर्ती फोडणं वेगळं आणि पोहत जाऊन मागे काय आहे ते बघणं वेगळं. शास्त्रात सांगितलेल्या सगळ्या अटी आपण पाळल्या, मग फळ का नाही, हा प्रश्न दोघांनी इतक्या प्रामाणिकपणे विचारला कारण अटी त्यांनी खरोखरच पाळल्या होत्या. ज्याने अर्धवट केलं त्याला, माझंच कुठे राहिलं असेल, अशी पळवाट मिळते. या दोघांनी ती स्वतःला ठेवली नव्हती. श्रद्धेने सचोटी शिकवली आणि तीच सचोटी श्रद्धेवर उलटली.

या वाटेवर गेलं ते एवढंच: व्रत-तीर्थांच्या फळावरचा भरवसा आणि पुजाऱ्याच्या शब्दावरचा विश्वास. धर्म अजून होता.

कलकत्ता

१८७८ साली दोघे कलकत्त्याला पोचले. रमा वीस वर्षांची. अस्खलित संस्कृत बोलणारी बाई बघून तिथले पंडित चकित झाले. तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. इथपासून मी तिला रमाबाई म्हणतो.

इथे त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती मंडळींचा मेळावा बघितला. सगळे जण खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसले. रमाबाईंना वाटलं, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात. तिथेच त्यांना संस्कृतातलं बायबल भेट मिळालं. भाषा ओळखीची, मजकूर अगदी परका. त्यांनी ते मिटून ठेवलं. मिशनऱ्यांनी बाटवलं म्हणणाऱ्यांनी हा दिवस ध्यानात ठेवावा.

खरा धक्का स्वकीयांकडून आला, आणि तोही सद्भावनेने. ब्राह्म समाजाचे केशवचंद्र सेन यांनी विचारलं, वेद वाचलेत का? नाही, बाईला तो अधिकार नाही, असं उत्तर रमाबाईंनी दिलं. केशवबाबूंनी वेदाचा ग्रंथ त्यांच्या हातात ठेवला. उडुपीच्या सभेत अनंतशास्त्र्यांनी बायकोसाठी मिळवलेलं स्वातंत्र्य पुराण-काव्यांपुरतं होतं. वेदाची कड त्यांनी ओलांडली नव्हती. ती कड त्यांच्या मुलीला ओलांडावी लागली. भीत भीत त्या उपनिषदं वाचू लागल्या.

पडद्यातल्या बायकांना शास्त्रोक्त स्त्रीधर्म समजावून सांगावा, अशीही त्यांना विनंती झाली. त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ काढले. आतापर्यंत पाठ केलं होतं ते पुराणांचं विश्व, गोष्टींचं. आता नियमांचे ग्रंथ. त्यांना दिसलं की हे ग्रंथ एकमेकांशी बहुतेक बाबतींत भांडतात, पण दोन गोष्टींत सगळ्यांचं एकमत आहे. उच्च जातीची असो की नीच, स्त्री ही जातच वाईट, असत्यासारखी अपवित्र. आणि स्त्रीला, तसंच शूद्राला, पुरुषासारखा मोक्ष नाही. तिने नवऱ्याला देव मानावं, पुढच्या जन्मी पुरुष व्हायची आशा धरावी.

दुष्काळात त्या मुलीला धर्माने वाचवलं नव्हतं, आणि ते तिने सोसलं. आता धर्म सांगत होता की तुला वाचवण्याचा विचार मुळात आम्ही केलेलाच नाही. ज्या आईने पहाटे उठवून ही सगळी विद्या दिली, जी बाजरीच्या तुकड्यावर मेली, तिलाही मोक्ष नाही. रमाबाईंनी असं शब्दांत कुठे लिहिलेलं मला आठवत नाही. पण हे ग्रंथ वाचताना आई त्यांच्या मनात आली नसेल, हे मला मान्य करवत नाही.

भूक, मृत्यू, अपमान यांनी जे झालं नाही ते वाचनाने झालं. शिकलेली बाई ग्रंथ वाचते तेव्हा दुसऱ्या कोणी तिला अर्थ सांगायची गरज उरत नाही. अनंतशास्त्र्यांनी स्वतःच्या हाताने पोसलेली विद्याच अनंतशास्त्र्यांच्या धर्मावर निकाल देऊन गेली.

बंगालमधलं मरण आणि कागद

८ मे १८८० रोजी ढाक्याला श्रीनिवास गेला. शेवटच्या दुखण्यात त्याला एकच घोर होता, मागे बहिणीचं कसं होणार. तुझी-माझी काळजी घ्यायला देवाखेरीज कोण आहे, असं रमाबाई म्हणाल्या. त्यावर तो म्हणाला, देव काळजी घेणार असेल तर मला कसली भीती नाही. त्या एकटेपणात देव जवळ असल्यासारखं वाटलं, असं रमाबाईंनी पुढे सांगितलं.

हे संभाषण कधीचं आहे ते बघा. वाळूतली रात्र, तरंगते डोंगर, धर्मशास्त्राचं वाचन, सगळं होऊन गेल्यानंतरचं. पूर्वजांच्या धर्मावरचा दोघांचा विश्वास ओसरलेला. आणि मरणाच्या दारात दोघे बोलतात ते सहा वर्षांपूर्वी रानात बापाने वापरलेल्या भाषेत, सोपवण्याच्या. इथेही देवाला नाव नाही, तीर्थ नाही, व्रत नाही.

त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी लग्न केलं. शास्त्राच्या दृष्टीने ते शूद्र. दोघांचाही हिंदू धर्मावर विश्वास नव्हता आणि ख्रिस्ती धर्मावरही नव्हता. म्हणून बांकीपूरला नोंदणी पद्धतीने लग्न झालं, १८७२ च्या तिसऱ्या कायद्याखाली. या कायद्यात एक विलक्षण अट होती. वधूवरांना लिहून द्यावं लागे की आम्ही ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन धर्म मानत नाही. राज्य बदलल्याची ही निशाणी मला दरबाराहून मोठी वाटते. श्रद्धा सुटणं ही आतली गोष्ट, वर्षानुवर्षं हळूहळू घडणारी. नव्या राज्यात तिच्यासाठी कागद होता आणि त्याखाली सही करायची होती. भागवत मुखोद्गत असलेल्या पुराणिकाच्या मुलीला सरकारदरबारी लिहून द्यावं लागलं की मी कोणीच नाही.

१६ एप्रिल १८८१ रोजी मनोरमा जन्मली. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी नवरा पटकीने गेला.

वाँटेज

पुढचं अनेकांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. पुण्यात आर्य महिला समाज, १८८३ साली इंग्लंड, तिथे वाँटेजच्या जोगिणींच्या मठात मुक्काम. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच दिवशी दोन वर्षांच्या मनोरमेचाही. आजोबांनी नातीच्या आईला देवाच्या हाती सोपवलं होतं ते रानात, सगळं संपल्यावर. इथे आई लेकीला सोपवत होती. धर्म दुसरा, देश दुसरा, कृती तीच.

मठातल्या मंडळींना वाटलं होतं की आता ही शिष्या झाली. तसं झालं नाही. मठात धर्मगुरूंच्या अधिकारावरून वाद पेटला तेव्हा, १८८५ साली, रमाबाईंनी मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना स्पष्ट लिहिलं की हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचं जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे. धर्मगुरूंकडून येणारी प्रत्येक गोष्ट परमेश्वराची आज्ञा समजून दुसरं तसलंच जू घ्यायला मी तूर्त तयार नाही. हे पत्र वाचताना तळ्यात उडी मारणारा श्रीनिवास आठवतो.

मनोरमा पुढे पुण्याजवळ केडगावला, निराधार बायका-मुलींसाठी आईने काढलेल्या मुक्तीसदनाच्या कामात पडली. २४ जुलै १९२१ रोजी ती गेली, चाळिशीत. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती एक मुलगी. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्या करत असलेलं बायबलचं मराठी भाषांतर तेव्हा केडगावच्या छापखान्यात होतं. खिळे जुळवायला मुक्तीसदनातल्याच बायका-मुली होत्या. रमाबाई प्रुफं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.